बायनोचा हार्नेस की छातीवरची बॅग? नाव एकच, वस्तू दोन

नवीन बायनोसोबत, म्हणजे दुर्बिणीसोबत, डब्यात जो पट्टा येतो तो दोन तासांत मानेला रुतायला लागतो, मग माणूस ऑनलाइन 'बायनो हार्नेस' शोधायला बसतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण त्या एका नावाखाली दोन भलत्याच गोष्टी समोर येतात. एक म्हणजे नुसते पट्टे, दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारणारे, पुढे बायनोच्या दोन्ही कड्यांना क्लिप. दुसरी म्हणजे छातीवर बांधायची चक्क एक छोटी बॅग, झाकणवाली, ज्यात बायनो आत बसतो आणि आजूबाजूला कप्पे असतात. दुकानवाले दोन्हीला हार्नेसच म्हणतात, त्यामुळे पट्टा मागवला आणि बॅग आली किंवा उलटं, हे होतच राहतं. इथे मी पट्ट्यांना हार्नेस म्हणतो आणि दुसरीला बॅग.

बॅगेचे रिव्ह्यू वाचताना एक डोक्यात ठेवा, ते बहुतेक अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी लिहिलेले असतात. तिकडे माणूस डोंगरावर बसून तासन् तास समोरचा उतार बायनोने विंचरतो, सोबत अंतर मोजायचा रेंजफाइंडर, वाऱ्याची दिशा बघायची पावडर, प्राण्यांना बोलवायच्या शिट्ट्या असला सगळा संसार, आणि हे सगळं सॅक न उतरवता हाताशी हवं म्हणून ती बॅग. झाकण आवाज न करता उघडलं पाहिजे, धनुष्याची दोरी बॅगेला घासता कामा नये, हे त्यांचे मुद्दे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून तो विषय संपल्यात जमा आहे, पुण्यात बायनो गळ्यात घालणारा माणूस पक्षी बघायलाच निघालेला असतो, त्यामुळे त्यांचे अर्धे मुद्दे आपल्याला लागू नाहीत. अर्धे मात्र चांगलेच लागू आहेत.

आधी हार्नेस. आठ बाय बेचाळीसचा (आठपट मोठं दाखवणारा, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची) साधारण बायनो ६५० ते ८०० ग्रॅमचा असतो. हार्नेसने ते वजन कमी होत नाही, फक्त मानेवरून उचलून खांद्यांवर आणि पाठीवर जातं, पण तेवढ्यानेच फरक एवढा पडतो की दुपारपर्यंत बायनो अंगावर आहे हे विसरायला होतं. दुसरा फायदा वेगाचा. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक पक्षी दिसतो तो दोन-तीन सेकंद, पांढरी शेपटी फांद्यांतून गेली की गेली, तिथे झाकण उघडा, बायनो काढा हे करायला वेळच नसतो. हार्नेसवर बायनो छातीवर तयार असतो, उचलला की डोळ्याला.

पण मोकळा आहे म्हणजे तो हलणारच. इलॅस्टिक पट्टा असेल तर भरभर चालताना छातीवर नाचतो, आणि कारवीतून वाट काढायला वाकलात की पुढे लोंबकळून दगडावर आपटायला तयार. म्हणून पट्टे घट्ट ठेवायचे, बायनो छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी बसेल इतपत, पोटापर्यंत लोंबणारा हार्नेस काही कामाचा नाही. आणि हे माप हिवाळ्यात जॅकेट घालून एकदा आणि उन्हाळ्यात टी-शर्टवर परत एकदा घ्यावं लागतं, लोक एकदाच घेतात.

हार्नेसची खरी अडचण ग्रुपमध्ये कळते. पाषाण तलावावर शेजारी उभा असलेला आठ वर्षांचा पोरगा म्हणतो, काका मला पण बघू द्या ना, आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या क्लिपा सोडवत बसता, तोवर खंड्या उडालेला असतो. बॅगेतला बायनो बहुधा सुटा असतो, सरळ काढून हातात देता येतो. काही बॅगांत आत दोरी असते, ती हवी तर लावायची नाहीतर नाही.

आता बॅग. हिचं खरं काम बायनो सांभाळणं. भिगवणला होडीत बसलात की उजनी धरणाचं पाणी अंगावर उडतं, सासवडकडच्या माळावर एप्रिलमध्ये धूळ अशी की संध्याकाळी फोकसचं चाक फिरवलं तर करकर वाजतं, आणि काचेवर बसलेली धूळ कोरड्या रुमालाने पुसली की बारीक चरे पडतातच. अशा ठिकाणी झाकण असलेलं बरं. शिवाय तिथले पक्षी मोकळ्यावर असतात, रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा काही झाडीत पळून जात नाही, त्यामुळे झाकण उघडण्यात गेलेले दोन सेकंद कुणी मोजत नाही.

कप्प्यांचं मात्र जरा आवरतं घ्या. फोन, काच पुसायचं कापड, पेन, छोटी वही, गाडीची किल्ली, एखादी चिक्की, बास. बॅग आहे म्हणून पॉवरबँक, टॉर्च, चार्जर, सगळंच कोंबलं की बॅग रिकामी असताना जी ३००-४०० ग्रॅमची वाटत होती ती बायनो धरून दीड किलोवर जाते, आणि तेच वजन छातीवर घेऊन तुम्ही मेच्या उन्हात वेताळ टेकडी चढता. पाठीवर सॅक, पुढे बॅग, मध्ये घामाने भिजलेला शर्ट, वारा कुठूनच नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात मला तरी हे झेपत नाही.

उतरताना अजून एक. छातीवर फुगलेली बॅग असली की स्वतःचे पाय दिसत नाहीत, सुट्या मुरमावरून उतरताना हे फार जाणवतं. झाकण पुढच्या बाजूला पडणारं असेल तर आणखी दिसत नाही. आणि जे फोटोवाले धाविक या जमिनीवर पळणाऱ्या पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या पातळीवर हवा म्हणून माळावर पालथे पडतात त्यांना छातीखाली बॅग घेऊन झोपताच येत नाही. बंदूक घेऊन पालथं पडणारा शिकारीसुद्धा हीच तक्रार करतो.

झाकण बंद कसं होतं ते विकत घेण्याआधी बघाच. वेल्क्रो असेल तर दोन भानगडी. एक तर फर्रकन आवाज होतो, पक्षी उडतो. दुसरं, पावसाळा संपला की माळावरची कुसळं त्या वेल्क्रोत अशी घुसतात की आठवड्यात पकड जाते, मग घरी बसून सुईने एकेक उपसत बसा. लोहचुंबकाचं झाकण शांत आणि एका हाताने उघडतं, फक्त होकायंत्र किंवा फोन त्याला चिकटून ठेवू नका, दिशा चुकीची दाखवेल. साधं इलॅस्टिक आणि हूक असेल तर मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं, दिसायला गावठी असलं तरी.

पावसाळ्यात लोकांना वाटतं बॅग म्हणजे सुरक्षित, तर ते अर्धंच खरं. ताम्हिणीत दिवसभर पावसात फिरून आलात, ओली बॅग तशीच बंद करून कपाटात टाकली, तर आतली दमट हवा बायनोला बुरशी आणायला अगदी पोषक. वॉटरप्रूफ बायनोत आत नायट्रोजन भरलेला असतो त्यामुळे आतून वाफ धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर, रबराखाली बुरशी धरू शकते. घरी आल्यावर बायनो बाहेर, बॅग उलटी करून पंख्याखाली. हार्नेसला ही कटकट नाही, पट्टे दोरीवर टाकले की झालं, घामाने खारट झाले की साबणाच्या पाण्यात बुचकळून काढायचे.

सॅक बरोबर असेल तर क्रमही बघावा लागतो. हार्नेस आधी, त्यावर सॅक, म्हणजे पाणी प्यायला सॅक उतरवली तरी बायनो अंगावरच राहतो. बॅगेचंही तसंच, पण तिचे पट्टे रुंद असतात, त्यावर सॅकचे पट्टे, खांद्यावर थर होतात आणि सॅकचा छातीवरचा बकल नेमका बॅगेच्या झाकणावर येतो. म्हणून ट्राय करायला जाताना स्वतःची भरलेली सॅक आणि स्वतःचा बायनो घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे. बायनो आयकप (डोळ्याला टेकणाऱ्या वर-खाली होणाऱ्या कडा) वर केलेले असताना आत बसतो का तेही बघा, नाहीतर दर वेळी आयकप खाली-वर करत बसाल.

माझं मत विचाराल तर टेकडी, पाषाण, सिंहगड, कवडीपाट असं सकाळचं तीन-चार तासांचं फिरणं असेल तर हार्नेस आणि कमरेला एक छोटा पाऊच, बाकी काही लागत नाही. भिगवण, माळरान किंवा दिवसभराची भटकंती असेल तर बॅग, तीही आकाराने जितकी लहान मिळेल तितकी. टू-व्हीलरवर दोन्ही नकोत, गतिरोधकावर हार्नेसवरचा बायनो थेट हनुवटीला लागतो, तो सॅकमध्येच टाका. आणि हार्नेसवर फार पैसे घालवायची गरज नाही, रविवार पेठेतून रुंद इलॅस्टिक, चार बकल आणि दोन चांगल्या क्लिपा घेऊन बॅग शिवणाऱ्याकडून शिवून घेता येतो, फक्त त्याला सांगा की क्लिपपाशी शिलाई दुहेरी मार, सगळा भार तिथेच येतो.