रुपयातली चांदी कुठे गेली?

इतवारीच्या सराफ्यात आजीचा राणीछाप रुपया नेला, तर सराफ तो आधी तराजूत टाकतो. त्यावर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चांदी किती भरते, एवढंच तो बघतो. याच नागपुरात दहा रुपयांचं सरकारी नाणं पुढे केलं की ‘हे चालत नाही, नोट द्या’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. मला ते दर वेळी लागतं, कारण या नकारामागे फार जुनी सवय आहे: नाण्याच्या छापापेक्षा त्याच्या अंगच्या धातूवर विश्वास ठेवण्याची.

विदर्भात नाणी रुपयाच्या कितीतरी आधीची. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आणि नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांच्या यादीत नसलेले काही राजे त्यातून कळले. ही नाणी ना सोन्याची, ना चांदीची. तांब्यात कथील आणि शिसं मिसळलेली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथला रोजचा बाजार हलक्या धातूवर चालायचा.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात ओडिशातल्या कटकच्या टांकसाळीतला रुपया मोगल बादशहा अहमदशहाच्या नावाने पडायचा. त्या काळात गावोगावचे रुपये निराळे होते, कुणाचं वजन कमी, कुणाची चांदी कमी. सराफ नाणं वाजवून, तोलून घ्यायचा आणि फरकाचा बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण अजून म्हणतो ते या व्यवहारातूनच. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं आणि बाजारात यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया पक्का बसला. कल म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार.

हा कलदार १८३५ च्या कायद्याने ठरलेला होता. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. आपला जुना तोळाही तेवढ्याच वजनाचा. लोक ‘रुपयाभार’ म्हणून माप घ्यायचे, म्हणजे रुपया हाच वजनाचा खडा होता. कुणीही टांकसाळीत चांदी नेऊन, थोडं शुल्क भरून रुपये पाडून घेऊ शकत होतं. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत यांत फारसं अंतर पडत नसे.

ते अंतर पडलं १८९३ मध्ये. जर्मनी आणि इतर देश सोन्याच्या चलनाकडे वळल्यावर चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही. सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपया तसाच चकाकत राहिला, पण आता त्याची किंमत सरकारच्या शब्दावर उभी होती. माझ्या मते आपल्या नाण्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण आहे, आणि बोललं मात्र सगळ्यात कमी जातं.

पुढे उलटंही घडलं. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी वधारली की रुपया वितळवणंच फायद्याचं ठरू लागलं. तेव्हा नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला, तोही धातू वाचवायला. १९४७ चा रुपया निकेलचा होता. चांदीचा रुपया लोकांच्या पेटीत गेला तो गेलाच.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावली पंचवीस पैशांची झाली, अधेली पन्नास पैशांची. चाराणे-आठाणे मात्र जिभेवर राहिले. १९६० च्या दशकात एक, दोन, तीन पैसे ॲल्युमिनियमचे झाले, मग १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा. त्या स्टीलमध्ये ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. दोन आणि पाच रुपये तेव्हा तांबं-निकेलचे होते. २००७ च्या सुमारास हे धातू महागले, आणि नाणी वितळवून बांगलादेशात दाढीची पाती बनवली जातात अशा बातम्या आल्या. पाचाचं नाणंही मग स्टीलचं झालं. आज नाणं वितळवणं हा २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा.

स्टीलनेही हिशेब पूर्ण सुटला नाही. २०१८ मध्ये माहिती अधिकारात कळलं की एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे पडतात, दहाच्या नाण्याला मात्र ५ रुपये ५४ पैसे. एक रुपया पाडला की सरकार तोट्यात, दहाचा पाडला की नफ्यात.

आणि नेमका तोच दहाचा लोक परत करतात! जुन्या नाण्यांवर रुपयाचं चिन्ह नाही, २०११ नंतरच्यांवर आहे, म्हणून त्यातलं एक खोटं असणार असा समज पसरला. चिन्हच २०१० मध्ये ठरलं, तर आधीच्या नाण्यावर ते कुठून येणार? जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, दहाच्या नाण्याचे तोवर चौदा छाप निघाले होते आणि चौदाही चालतात.