समुद्र आधी औषध होता

जुलैच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागते. मग प्लास्टिकच्या बादल्या, फावडी, वारा अडवायला वाळूत रोवायचं कापड, सगळं गाडीत कोंबून घरंच्या घरं किनाऱ्याकडे निघतात. पाणी ऑगस्टमध्येही अंगावर काटा आणणारं. तरी जातात. ही सवय मौजेतून लागलेली नाही. ती डॉक्टरांनी लावली.

१७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी असल्याचं लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात डुंबायचं होतंच, शिवाय ते प्यायचंही होतं! पुढे ते ब्रायटनला राहायला गेले, पाठोपाठ श्रीमंत रुग्ण आले आणि कोळ्यांच्या त्या गावाचे दिवस पालटले. (आपल्याला ब्रायटन ठाऊक आहे ते सावरकरांमुळे. मायभूमीच्या ओढीची ती कविता त्यांना १९०९ मध्ये याच किनाऱ्यावर सुचली.) १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेमथला समुद्रस्नानाला उतरला, तेव्हा त्याच्या डुबकीच्या मुहूर्तावर बँडने राष्ट्रगीत वाजवलं. स्नानाची तऱ्हाही न्यारी होती. चाकांवरच्या लाकडी खोलीत शिरायचं, आत कपडे बदलायचे, तोवर घोडा ती खोली पाण्यात ओढून नेणार. तिथे एखादी दणकट बाई दंड धरून तुम्हाला बुचकळून काढणार. आराम कसला, उपचारच तो.

सामान्य माणसाला समुद्र दिसला तो आगगाडीमुळे. लंडनहून ब्रायटनला गाडी १८४१ मध्ये गेली, वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला रूळ १८४६ मध्ये पोचले. पण खरी गर्दी केली लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी. तिथल्या गावोगावी चर्चच्या संताच्या नावाने जत्रा भरे आणि त्या दिवसांत कामगार गिरणीत फिरकतच नसत. शेवटी मालकांनीच हात टेकले आणि त्या आठवड्यात गिरणी बंद ठेवू लागले. तेवढ्यात बॉयलरची डागडुजीही उरकून घेत. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. त्यामुळे आज एक गाव ओस, पुढच्या आठवड्यात दुसरं, आणि ब्लॅकपूल सगळा उन्हाळा तुडुंब. गल्लीत जिच्याशी वर्षभर धुसफूस, नेमकी तीच वाळूतही शेजारी!

या आठवड्याचा पगार मात्र मिळत नसे. त्यासाठी वर्षभर भिशीसारखे क्लब चालत. दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि निघताना गाठोडं उचलायचं. खोली घ्यायची, शिधा आपणच आणून द्यायचा, घरमालकीण तो शिजवून देणार. मीठ-मिरपुडीच्या भांड्यांचेही काही जणी बिलात वेगळे पैसे लावत. न्याहारी झाली की बाहेर पडायचं ते थेट जेवणाच्या वेळेलाच परतायचं, मग पाऊस का कोसळेना. घरमालकिणींवरचे इंग्रजी विनोद उगाच नाही जन्मले.

१९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेची वाट मोकळी केली. दोनच वर्षं आधी बिली बटलिन यांनी स्केगनेसच्या किनाऱ्यावर आपली पहिली सुट्टी-छावणी थाटली होती: आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, जेवणखाण-करमणुकीसकट. मग युद्ध आलं. किनाऱ्यांवर काटेरी तारा पडल्या आणि त्या निघाल्यावर पन्नासच्या दशकात जी झुंबड उडाली, ती पुढे स्पेनच्या स्वस्त विमानसहलींनी पळवली.

चाकांच्या त्या खोल्यांची चाकं केव्हाच गेली. त्यांच्याच वंशातल्या लाकडी झोपड्या आज किनाऱ्यावर रांगेने उभ्या आहेत, आणि डॉर्सेटमधल्या मडफर्डला तशी एक झोपडी तीन लाख पौंडांच्या वर विकली जाते. आत नळ नाही.