भाताचे राखणदार आणि साबुदाण्यामागची माशी

लावणीच्या दिवसांत तरव्याच्या, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांच्या, मुठी खाचरात न्यायच्या आधी आमच्याकडे कोकणात त्यांचे शेंडे विळ्याने छाटतात. लहानपणी मला वाटायचं, रोप फार उंच झालं म्हणून छाटत असतील. मग एका पावसाळ्यात वडिलांनी छाटलेली एक पात माझ्या तळहातावर ठेवली. टोकापासून थोडं खाली मळकट पिवळ्या केसांनी झाकलेला लांबट पुंजका होता. खोडकिड्याची अंडी. एका पुंजक्यात पन्नास-शंभर सहज निघतात. मादी बहुधा पातीच्या शेंड्याकडेच अंडी घालते, त्यामुळे शेंडा छाटून नष्ट केला की एवढ्या अळ्या खाचरात पोचतच नाहीत.

अळी एकदा खोडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं कठीण. पीक लहान असेल तर मधला पोंगा सुकतो, ओढला की अलगद हातात येतो. त्याला गाभेमर म्हणतात. पीक पोटरीत असेल, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आत असेल, तर लोंबी पांढरी आणि पोचट निसवते, ती पळींज. कापणीनंतर अळी धसकटात दडून बसते. म्हणून जमिनीलगत कापणी आणि लगेच नांगरट. जिथे पाण्याची सोय आहे आणि वायंगणी म्हणजे उन्हाळी भात होतं, तिथे किडीला एका हंगामातून दुसऱ्यात जायला वाटच मिळते, तेव्हा तिथे धसकटांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

सुरळीतल्या अळीचा इलाजही जुनाच. ही अळी पातीचा तुकडा कापून त्याची नळी करते, त्यात राहते आणि पाण्यावर तरंगत एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. दोघांनी दोन बांधांवर उभं राहून पिकावरून दोर ओढायचा, सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि मग खाचराचं पाणी सोडून द्यायचं. लष्करी अळी याहून वाईट. दिवसा बुंध्याशी दडते, रात्री खाते आणि ऐन कापणीच्या तोंडावर लोंब्या कुरतडून खाली पाडते. तिच्यावर कृषी सल्ल्यात आजही एक ओळ असते: शेतातल्या बेडकांचं संवर्धन करा.

ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते, कारण मधली काही वर्षं आपण याच्या नेमकं उलट वागलो. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा देशात जोरात होता. भातखाचरांतले मोठे बेडूक पोत्यांनी पकडले जात. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. पहिल्या पावसात बत्ती घेऊन बेडूक पकडायला जाणं मात्र अजून पूर्ण थांबलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

भातशेतीत खरा बदल झाला तो १९६० नंतरच्या दशकात. १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर ८ ही बुटकी जात दिली, १९६८ मध्ये भारतात जया आली. युरियाला प्रतिसाद देणारं, दाट फुटव्यांचं पीक उभं राहिलं. उत्पन्न वाढलं, आणि त्याची गरज होतीच. पण दाट, हिरव्यागार, बुंध्याशी दमट राहणाऱ्या पिकात रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांचं चांगलंच फावलं. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात त्यांनी भाताचा फडशा पाडला. कोकणात त्या काळात बांधाबांधावर बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी उडत होती. फडक्यात पुरचुंडी बांधून ती पिकावर झटकायची, तोंडावर रुमालही नसायचा. त्या भुकटीवर देशात बंदी यायला १९९७ साल उजाडलं.

औषध मारूनही तुडतुडे वाढतात कसे, हे समजून घेण्यासारखं आहे. तुडतुड्याची मादी अंडी घालते पातीच्या देठात, आतल्या बाजूला. फवारणीत ती वाचतात. मरतात ते बुंध्याशी फिरणारे कोळी, तुडतुड्यांची अंडी शोषणारा हिरवा मिरिड ढेकूण, चतुर आणि त्यांच्या सडपातळ भावंडं, टाचण्या. आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खाणारं कोणी उरलेलंच नसतं. मग शेतात गोल गोल चट्टे पडतात, वणवा लागल्यासारखे. इंडोनेशियात हेच इतक्या मोठ्या प्रमाणावर झालं की १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एकदम बंदी घातली आणि शेतकऱ्यांना खाचरात उतरून कोळी मोजायला शिकवलं. भाताचे राखणदार घरातच होते. त्यांना मारायचं थांबवणं एवढंच काम होतं.

कसाव्याची गोष्ट मात्र वेगळी. कोकणात हे पीक फारसं नाही, पण आपल्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा याच कंदाचा, बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून येणारा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला. तिथे शेकडो वर्षं तो सुखाने वाढला. १९७० नंतर त्यामागून त्याचा रस शोषणारी कीड, पिठ्या ढेकूण, हीही आफ्रिकेत पोचली, पण त्या ढेकणाचे शत्रू मागेच राहिले. शेंडे आखडले, पानं झडली, काही भागांत निम्म्याहून जास्त पीक गेलं.

नायजेरियातल्या एका शेती संशोधन संस्थेत काम करणारे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांनी ढेकणाच्या मूळ घरी शोध सुरू केला. आधी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात तसाच दिसणारा ढेकूण सापडला, पण त्याच्यावरच्या परोपजीवी माशा आफ्रिकेत कामाला आल्या नाहीत. तो मुळात दुसऱ्याच जातीचा निघाला. खरा ढेकूण १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडला आणि त्याच्यासोबत ॲनागायरस लोपेझी ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली, तांदळाच्या दाण्याहून लहान माशी. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आणि अळी त्याला आतून खाऊन टाकते. माशी पसरली तसा ढेकूण आटोक्यात आला. हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तोच ढेकूण २०२० मध्ये केरळात त्रिशूरला दिसला आणि मग तमिळनाडूत शिरला. या वेळी वाट माहीत होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने आफ्रिकेतल्या बेनिनमधून माशी आणली, विलगीकरणात तपासली आणि २०२२ मध्ये तमिळनाडूच्या शेतांत सोडली.

कोकणातल्या भातासाठी अशी माशी समुद्रापलीकडून आणायची गरज नाही. खोडकिड्याच्या अंड्यांत आपलं अंडं घालणारा ट्रायकोग्रामा जापोनिकम हा चिमुकला कीटक प्रयोगशाळांत दुसऱ्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात आणि ती अंडी कागदी पट्टीवर चिकटवून देतात, तेच ट्रायकोकार्ड. हेक्टरी ५०,००० या हिशेबाने आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा सोडायची शिफारस आहे. पट्टीचे तुकडे करून संध्याकाळच्या सुमारास पातीच्या खालच्या बाजूला टाचायचे, म्हणजे पावसाचा मारा थेट बसत नाही. त्या आठवड्यात फवारा मात्र खोपीतच ठेवायचा.