केरो, इलिनॉय : 15,203 वरून 1,733 पर्यंत

ओहायो आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या संगमावर, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला हे गाव आहे. लिहिताना ते इजिप्तच्या राजधानीसारखेच लिहितात, पण तिथले लोक 'केरो' म्हणतात, 'कैरो' नाही. आसपासच्या सगळ्या पट्ट्यालाच 'लिटल इजिप्त' म्हणायची पद्धत आहे. गावाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत दोनच कारणांनी आल्या, पूर आणि ओसाड पडलेली घरे. त्यामुळे पुरानेच गाव संपवले असा बऱ्याच वाचकांचा समज होतो. जनगणनेचे आकडे आणि पुराची वर्षे शेजारी शेजारी ठेवली की हा समज टिकत नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. 1818 पासून इथे शहर वसवण्याचे बेत होत होते आणि फसत होते. 1842 मध्ये एका प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराने ही दलदल पाहिली आणि तिची यथेच्छ निंदा केली. 1850 च्या जनगणनेत फक्त 242 माणसे होती. 1850 च्या दशकात शिकागोकडून रेल्वे आली, मग यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने संगमाच्या टोकावर तळ ठोकला आणि गावाचे दिवस पालटले. दक्षिणेकडून सुटका करून घेतलेले हजारो गुलाम याच तळाच्या आश्रयाला आले. त्यातले बरेच पुढे गेले, पण काही इथेच राहिले. गावातल्या कृष्णवर्णीय वस्तीचे मूळ तिथे आहे. 1870 मध्ये लोकसंख्या 6,267 झाली, 1900 मध्ये 12,566 आणि 1920 मध्ये 15,203. यापुढे ती कधी गेली नाही.

उतरण सुरू झाली तिचे पहिले कारण वाहतूक. आगबोटी आणि आगगाड्या इथे थांबत, माल उतरे-चढे, त्यावर गाव जगत होते. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाल्यावर गाड्यांना इथे नावेची वाट पाहावी लागेना. पुढे दोन्ही नद्यांवर मोटारींचे पूल झाले आणि 1978 मध्ये आंतरराज्य महामार्ग गावाला वळसा घालून मिसिसिपीपार गेला. तरीही 1940 मध्ये इथे 14,407 लोक होते, म्हणजे 1937 चा भयंकर पूर येऊन गेल्यानंतरही. त्या पुरात बांध आणि भिंतींनी गाव राखले होते.

खरी गळती 1950 ते 1970 या वीस वर्षांतली. 12,123 वरून 6,277. ही वीस वर्षे नीट पाहिली नाहीत तर पुढचे काहीच कळत नाही. गावात गोरे आणि काळे दोघेही मोठ्या संख्येने होते, पण नोकऱ्या, दुकानांतली कामे, पोलीस, नगरपालिका यांत काळ्यांना जागा नव्हती. 1909 मध्ये याच गावात जमावाने एका काळ्या माणसाला भर रस्त्यात मारले होते. ती आठवण घराघरांत होती. 1960 च्या दशकात पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करावा अशी मागणी झाली. तलाव खुला होण्याऐवजी बंदच झाला आणि पुढे तो सिमेंटने भरून टाकला. एका पिढीने आपल्या मुलांचे पोहणे बंद केले, पण शेजाऱ्याच्या मुलाला पाण्यात उतरू दिले नाही. या गावाबद्दल कितीही वाचले तरी माझे मन या एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

जुलै 1967 मध्ये रजेवर आलेला एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलीस कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले, त्याच्या माणसांनी ते मानले नाही. दंगल झाली, राष्ट्रीय रक्षक दल आणावे लागले. त्यानंतर गोऱ्या नागरिकांनी शस्त्रधारी गस्तीपथक काढले, ते पांढरी शिरस्त्राणे घालून फिरत. मार्च 1969 मध्ये काळ्यांच्या सरकारी चाळींवर रात्री गोळीबार झाला. एप्रिलपासून काळ्या रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती : आमच्याकडून पैसे घेता तर आम्हाला नोकरीही द्या. बहिष्कार वर्षानुवर्षे चालला. नोकरी देण्यापेक्षा अनेक दुकानदारांनी दुकान बंद करणे पत्करले. मुख्य बाजारपेठेतली जी बंद दारे आज छायाचित्रांत दिसतात, त्यांतली कित्येक त्या काळातली आहेत. बहिष्काराने गाव बुडवले असे जुने गोरे रहिवासी सांगत. मला हे कारण उलटे वाटते. 1986 मध्ये रुग्णालयही बंद पडले. 2000 मध्ये 3,632 लोक उरले होते, 2010 मध्ये 2,831, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश किंवा थोडे अधिक कृष्णवर्णीय.

आता ज्या निर्णयावर सर्वाधिक वाद झाला तो पाहू. 2 मे 2011 च्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी समोरच्या मिसूरी किनाऱ्यावर, बर्ड्स पॉइंट इथे, बांध सुरुंगांनी उडवला. केरोजवळ ओहायोची पातळी 61 फुटांच्या वर गेली होती. गावाभोवतीची भिंत 64 फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी बांधलेली आहे, पण बांधाच्या आतल्या बाजूला जमिनीतून वाळूसकट पाणी उसळू लागले होते. पाया पोखरला जातोय, याची ती खूण. गाव आधीच रिकामे करवले होते. बांधाला सुमारे दोन मैलांचे खिंडार पडले आणि 1,30,000 एकर शेतजमिनीवर पाणी पसरले. नदी उतरू लागली आणि केरो वाचले.

या जमिनीला 'फ्लडवे' म्हणतात, आणि सगळा गोंधळ या शब्दात आहे. ऐकताना तो नदीचा मोकळा सोडलेला मार्ग वाटतो. प्रत्यक्षात ती बांधाआडची, पिकाखालची, घरे असलेली जमीन आहे. 1927 च्या महापुरानंतर 1928 मध्ये कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारने नदीपासून आत दुसरा बांध घातला. दोन बांधांमधल्या जमिनीवर गरज पडली तर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने पैसे देऊन विकत घेतला. जमीन मालकांचीच राहिली, हक्क फक्त पाणी सोडण्याचा. तो हक्क 1937 मध्ये वापरला गेला आणि त्यानंतर 74 वर्षे नाही. दोन पिढ्यांनी तिथे नांगरले, पेरले, घरे बांधली. कागदावरचा हक्क कागदावरच राहणार असे सगळ्यांनी धरून चालावे, इतका हा काळ मोठा होता.

बांध उडवू नये म्हणून मिसूरी हे राज्य आधीच न्यायालयात गेले होते आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरले. वादाची मांडणी 'शेती विरुद्ध गाव' अशी झाली. शेतजमीन बुडावी की केरो, असे विचारल्यावर मिसूरीच्या विधिमंडळातल्या एका बड्या नेत्याने केरोचे नाव घेतले. त्याने नंतर माफी मागितली, पण कशाची किंमत काय समजली जाते ते तेवढ्यात दिसून गेले होते.

माझ्या मते निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत कोणी मोजली हे सांगताना 'शेती' हा शब्द पुरत नाही. त्या जमिनीत पिनहुक नावाची छोटी वस्ती होती. 1940 च्या दशकात काळ्या शेतमजुरांनी ती वसवली, कारण दुसरीकडे त्यांना जमीन विकायला कोणी तयार नव्हते. पुराच्या हक्काखालची जमीन तेवढी मिळत होती. मोठ्या जमीनदारांनी पाणी ओसरल्यावर त्याच वर्षी सोयाबीन पेरले. पिनहुकची घरे मात्र राहण्याजोगी उरली नाहीत, माणसे आसपासच्या गावांत विखुरली आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. काळ्यांचे एक गाव वाचवण्यासाठी काळ्यांचे दुसरे गाव गेले, ही गोष्ट तेव्हाच्या बातम्यांत फार थोड्या जागी आली.

आणि वाचवलेल्या गावाचे पुढे काय झाले? 1940 च्या दशकात बांधलेल्या दोन सरकारी वसाहती, एल्मवूड आणि मॅकब्राइड, केरोतल्या बऱ्याच कुटुंबांचे घर होत्या. त्यांच्या दुरुस्तीचा पैसा वर्षानुवर्षे नीट वापरला गेला नव्हता. उंदीर, बुरशी, बंद पडलेली गरम पाण्याची सोय, हे तिथले रोजचे जगणे. 2016 मध्ये केंद्र सरकारने स्थानिक गृहनिर्माण मंडळाचा कारभार ताब्यात घेतला. दुरुस्ती होईल असे लोकांना वाटले. एप्रिल 2017 मध्ये मात्र त्यांना सभेत सांगण्यात आले की इमारती पाडायच्या आहेत. नवी घरे बांधणार नव्हते. भाड्याच्या मदतीची चिठ्ठी मिळणार होती, पण ती घेऊन राहायला जावे असे घर गावात जवळपास नव्हतेच. सुमारे 400 जणांना हलावे लागले, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ. बांध फोडून ज्यांना राखले त्यांना सहा वर्षांनी सरकारनेच गावाबाहेर काढले, आणि या वेळी कोणी न्यायालयात गेल्याचा मोठा गाजावाजा झाला नाही.

2020 च्या जनगणनेत 1,733 आकडा आला तो असा. दहा वर्षांत 1,098 माणसे कमी झाली. केरो ज्या अलेक्झांडर परगण्याचे मुख्य ठिकाण आहे, तो त्या दशकात टक्केवारीने देशात सर्वांत जास्त घटलेला परगणा ठरला. केरोच्या आकड्यात पुराने घालवलेले घर शोधून सापडणार नाही.

उरलेल्यांना कित्येक वर्षे भाजीपाला आणायलाही पूल ओलांडून मिसूरीत किंवा केंटकीत जावे लागे, कारण गावातले शेवटचे किराणा दुकानही बंद झाले होते. ज्याच्याकडे गाडी नाही तो शेजाऱ्याची वाट पाही. जून 2023 मध्ये रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे दुकान उघडले.