कॉप्टिक हस्तलिखितविद्या

इजिप्तमधील कॉप्टिक पोथ्या जुळवणारी, वाचणारी आणि त्यांचा काळ ठरवणारी अभ्यासशाखा. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेची अखेरची अवस्था. ग्रीक अक्षरे आणि डेमोटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली सहा-सात चिन्हे यांत ती लिहितात. मूळ ग्रीक हरवलेले कितीतरी आद्य ख्रिस्ती ग्रंथ कॉप्टिक अनुवादातच उरले आहेत.

१९४५ मध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेला पोथीसंग्रह सर्वांत प्रसिद्ध. एकूण १३ पोथ्या (तेराव्या पोथीची काही पानेच उरली), त्यांत ५२ ग्रंथ. येशूची ११४ वचने देणारे ‘थॉमसचे शुभवर्तमान’ यातलेच. पण काळ ठरवायला धर्मग्रंथापेक्षा रद्दी अधिक कामी आली. चामडी वेष्टन टणक व्हावे म्हणून आत जुने पपायरस (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला लेखनाचा कागद) डकवलेले होते. सातव्या पोथीच्या वेष्टनातील कागदपत्रांवर इ. स. ३४१, ३४६ व ३४८ ही वर्षे निघाली. म्हणजे पोथी ३४८ च्या आधी बांधलेली नाही. जेम्स रॉबिन्सन यांच्या गटाने कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात बसून सुटे तुकडे पपायरसच्या धाग्याला धागा लावून जुळवले. अशा कामात वाचण्याआधी पारखी नजर हवी.

सोहागजवळच्या श्वेत मठाचे प्रकरण याहून किचकट. तिथला मठाधिपती शेनूते हा कॉप्टिकचा सर्वांत मोठा लेखक. मात्र मठातील पोथ्या पानापानाने विकल्या गेल्या आणि पॅरिस, नेपल्स, व्हिएन्ना अशा ठिकाणी विखुरल्या. शिल्लक पृष्ठक्रमांक आणि एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रती ताडून स्टीफन एमेल यांनी १९९३ च्या प्रबंधात त्यांची मांडणी केली. अशा कामात उमेदीची वर्षे जातात, आणि फळ म्हणून बरेचदा कोष्टकेच हाती येतात.

प्रती ताडून पाहण्याची हीच सवय २०१२ मध्ये उपयोगी पडली. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी ‘येशूची पत्नी’ असा उल्लेख असलेला तळहातापेक्षा लहान तुकडा जाहीर केला. पपायरस खरोखरच जुना होता. परंतु त्याच मालकाकडच्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तुकड्यातील ओळी १९२४ च्या छापील आवृत्तीतील एकाआड एक ओळींप्रमाणेच नेमक्या त्याच जागी तुटत होत्या. ‘पत्नी’च्या तुकड्यातही इंटरनेटवरील थॉमसच्या एका प्रतीतली टंकनचूक जशीच्या तशी उतरली होती: एक ‘म’ गळलेला. तुकडा बनावट असण्याचीच शक्यता अधिक, हे किंग यांनी २०१६ मध्ये मान्य केले.