मायलो गोज टू कॉलेज

अमेरिकेतील डिसेंडंट्स या पंक (वेगवान, गोंगाटी, बंडखोर रॉक) बँडचा पहिला पूर्ण अल्बम. १९८२ साली न्यू अलायन्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्यात १५ गाणी आहेत आणि सगळी मिळून जेमतेम २२ मिनिटांची. ज्या संगीताला पुढे पॉप-पंक हे नाव पडले, त्याचा पाया घालणाऱ्या मोजक्या रेकॉर्डांत या अल्बमची गणना होते. नावात सांगितलेली गोष्ट खरोखर घडलेली आहे. गायक मायलो ऑकरमन रेकॉर्डिंग आटोपून जीवशास्त्र शिकायला निघाला होता आणि बाकीच्यांनी तीच बातमी अल्बमच्या कव्हरवर छापली. इंदूरच्या मराठी श्रोत्याला हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना आवाजाने दचकायला होते, पण त्यातली माणसे फार लवकर ओळखीची वाटू लागतात. प्रस्तुत नोंदीत अल्बमची माहिती आहेच, पण भर आहे तो ऐकणाऱ्यांवर, कारण या रेकॉर्डची कीर्ती बव्हंशी त्यांनीच उभी केली.

बँड घडला तो लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येकडील किनारपट्टीत. मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच, रेडोंडो बीच ही तिथली एकमेकांना चिकटलेली छोटी गावे. फ्रँक नावेटा (गिटार) आणि बिल स्टीव्हन्सन (ड्रम्स) ही शाळकरी मुले मासेमारीच्या नादी होती. टोनी लोम्बार्डो (बास) त्यांच्याहून सुमारे १८ वर्षांनी मोठा, टपाल खात्यात नोकरी करणारा. मायलो सर्वांत शेवटी आला. त्याच परिसरात ब्लॅक फ्लॅग हा बँड हार्डकोर पंक वाजवत होता. तिथे वेग आणि आवाजाचा जोर यांना मान होता, चालीला फारशी जागा नव्हती. न्यू अलायन्स ही कंपनीही याच वर्तुळातली. मिनिटमेन या बँडच्या डी. बून आणि माइक वॉट यांनी ती सुरू केली होती. १९८१ मध्ये डिसेंडंट्सची 'फॅट' ही छोटी रेकॉर्ड आली. त्यात खाण्यापिण्यावरची, निव्वळ थट्टेची, काही तर सेकंदांत संपणारी गाणी होती. त्यानंतर वर्षभरात हीच चौघे असे काही गंभीर आणि सुरेल करतील असे ती ऐकून वाटत नाही.

अल्बमचे रेकॉर्डिंग जून १९८२ मध्ये रेडोंडो बीच येथील टोटल ॲक्सेस स्टुडिओत झाले. निर्माता होता स्पॉट (ग्लेन लॉकेट, मृत्यू २०२३), ज्याच्या हाताखालून त्या काळच्या कॅलिफोर्नियातल्या कितीतरी पंक रेकॉर्ड गेल्या. ध्वनी कोरडा आहे, सजावट जवळपास नाही. चारही वाद्ये एका लहान खोलीत आपल्यासमोर वाजत असल्यासारखी ऐकू येतात.

संगीताची खरी गंमत बास गिटारमध्ये आहे. या प्रकारात बास सहसा गिटारच्या मागे लपलेला असतो. इथे लोम्बार्डोचा बास स्वतःची चाल घेऊन पुढे चालतो आणि गिटार त्याला जाड, भरीव पार्श्वभूमी देते. पहिले गाणे 'मायेज' नीट कान देऊन ऐकावे. बासची धून आधी कानात बसते, मग ड्रम्स आणि गिटार अंगावर येतात, आणि तोवर श्रोता त्या धुनेला धरून बसलेला असतो, म्हणून पुढच्या गोंगाटात तो हरवत नाही. स्टीव्हन्सन ड्रम्स फार वेगात वाजवतो, पण त्याचे ठोके सैल पडत नाहीत. गाण्याने वळण घेतले की तो लगेच जागा बदलतो. मायलोचा आवाज सामान्य मुलाचा आहे. तो ओरडतो तेव्हाही सूर सोडत नाही. हार्डकोरच्या वेगात गुणगुणता येईल अशी चाल बसवणे हे या चौघांनी केलेले मोठे काम आहे. पुढच्या पिढ्यांनी उचलले तेही मुख्यतः हेच.

गाणी चौघांनीही लिहिली आणि ज्याचा त्याचा स्वभाव ओळखू येतो. नावेटाच्या गाण्यांत चीड आहे : आईबापांवर, तोऱ्यात वावरणाऱ्या श्रीमंत मुलांवर. स्टीव्हन्सन मोडलेल्या मैत्रीबद्दल आणि वाया चाललेल्या ओळखीच्या मुलींबद्दल लिहितो, रागावतोही आणि हळहळतोही. मायलोचे 'होप' म्हणजे नकार मिळालेल्या मुलाने वाट पाहत राहणे. या तिन्हीहून वेगळे आहे लोम्बार्डोचे 'सबर्बन होम'. उपनगरातले एक नीटनेटके घर हवे, चारचौघांसारखे आयुष्य हवे, असे ते गाणे सांगते. बंडखोरीच्या संगीतात असे म्हटले की ऐकणारा ते उपहासाने घेतो, आणि बहुतेकांनी तसेच घेतले. लोम्बार्डोने मात्र पुढे स्पष्ट सांगितले, की त्याला खरोखरच तसे घर हवे होते. दिवसभर टपाल खात्यात राबून संध्याकाळी बास वाजवणाऱ्या माणसाचे हे मागणे आहे, हे कळल्यावर गाणे दुसऱ्यांदा निराळेच ऐकू येते.

इंदूरच्या लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या वसाहतींत वाढलेल्या मराठी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. आजोबा संस्थानी काळात किंवा नंतर नोकरीनिमित्त इथे आलेले, वडिलांनी हप्ते फेडून प्लॉटवर घर बांधलेले, दारात तुळस आणि स्कूटर : या घराची ओढ आणि त्याच घरात जीव घुसमटणे, दोन्ही एकाच वेळी खरे असते. 'सबर्बन होम' आणि नावेटाचे 'पेरेंट्स' एकाच अल्बमवर आहेत, यात म्हणूनच विसंगती नाही. घर हवेही असते आणि घरातल्यांशी भांडणही असते.

कव्हरचा उल्लेख टाळता येणार नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघांत काढलेला एक मुलगा : चौकोनी चष्मा, बारीक कापलेले केस, शर्ट आणि टाय. मायलोच्या शाळेतला एक वर्गमित्र त्याला वर्गातला पुस्तकी किडा म्हणून चितारत असे. त्या चित्रांवरून जेफ ॲटकिन्सन याने हे अर्कचित्र काढले. चिडवण्यासाठी काढलेले चित्र बँडने अभिमानाने मिरवले. पंकचा चेहरा तोवर चामडी जाकीट, साखळ्या, उभे केस असा होता. इथे पहिल्या बाकावर बसणारा मुलगा थेट कव्हरवर आला, आणि जगभरच्या तशा मुलांना या संगीतात पहिल्यांदा आपली जागा दिसली. हेच चित्र बदलत्या रूपांत बँडच्या पुढच्या बहुतेक अल्बमांवर येत राहिले. आज ज्यांनी एकही गाणे ऐकलेले नाही, असे लोकही ते टी-शर्टवर पाहून ओळखतात. अल्बमवर मायलोला उद्देशून बाकी तिघांची अर्पणपत्रिका आहे. सोडून जाणाऱ्या गायकावर रुसण्याऐवजी त्याला असा निरोप देणारे बँड थोडे.

इंदूरमध्ये या निरोपाला वेगळे वजन येते. १८९१ पासूनचे होळकर विज्ञान महाविद्यालय, एकाच शहरात आयआयटी आणि आयआयएम, भंवरकुआ परिसरात शिकवण्यांसाठी गावोगावहून आलेली मुले : इथे कॉलेज हा घरचा विषय असतो. गिटार शिकणाऱ्या मुलाला 'आधी डिग्री हातात येऊ दे, मग काय वाजवायचे ते वाजव' हे ऐकावेच लागते. कला की शिक्षण असा सामना लावून एकाला जिंकवण्याची कथाकादंबऱ्यांची सवय आहे. मायलोने दोन्ही केले, आणि दोन्ही मनापासून केले. १९८५ मध्ये तो बँडमध्ये परतला, १९८७ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा गेला, डॉक्टरेट मिळवली, ड्यूपाँ कंपनीत वनस्पतींवर संशोधन केले, मधूनमधून रेकॉर्डिंग करत राहिला आणि २०१६ पासून पूर्ण वेळ संगीताकडे वळला. १९८७ मध्ये तो गेल्यावर त्या वेळच्या संचातले उरलेले तिघे दुसऱ्या गायकाला घेऊन 'ऑल' या नावाने वाजवू लागले. त्यांनी डिसेंडंट्स हे नाव त्याच्यासाठी राखून ठेवले. हा तपशील मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रसिद्धीच्या वेळी अल्बमचा गाजावाजा झाला नाही. गायक शहर सोडून गेलेला, स्टीव्हन्सन लवकरच ब्लॅक फ्लॅगमध्ये ड्रम्स वाजवू लागलेला, कंपनीकडे जाहिरातीला पैसा नाही. समीक्षक रॉबर्ट ख्रिस्तगाव यांच्यासारख्या काहींनी दखल घेतली, पण मोठ्या रेडिओ केंद्रांवर अशा संगीताला स्थान नव्हते. रेकॉर्ड पसरली ती हातोहात : एकाने विकत घेतली, चौघांनी कॅसेटवर उतरवून घेतली. न्यू अलायन्स पुढे एसएसटी या कंपनीकडे गेली आणि तिने अल्बम पुन्हा बाजारात आणला. १९८८ मध्ये जुन्या छोट्या रेकॉर्डसह तो एकाच सीडीवरही मिळू लागला. बँड जवळजवळ थांबलेला असताना त्याची गाणी फिरत राहिली, यामागे केवळ ऐकणाऱ्यांची निष्ठा होती.

या ऐकणाऱ्यांतूनच पुढचे वाजवणारे निघाले. एनओएफएक्स या बँडचा फॅट माइक आणि ब्लिंक-१८२ या बँडचा मार्क हॉपस यांनी डिसेंडंट्सचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. सब्लाइम या बँडने १९९२च्या आपल्या पहिल्या अल्बमवर 'होप' पुन्हा गायले. १९९४ मध्ये ग्रीन डे आणि ऑफस्प्रिंग या पॉप-पंक बँडांच्या रेकॉर्ड लाखोंनी खपल्या, तेव्हा हे संगीत आले कुठून असा प्रश्न पडलेली मुले मागे मागे जात या अल्बमपाशी पोचली. रोलिंग स्टोन मासिकाने २०१७ मध्ये पन्नास उत्तम पॉप-पंक अल्बमांची यादी केली, तिच्यातही तो आहे.

सगळेच स्वागत करण्याजोगे नाही. 'आय ॲम नॉट अ लूजर' या गाण्यात समलिंगी माणसांसाठी शिव्या वापरल्या आहेत. 'तेव्हा असेच बोलत' एवढे म्हणून ती बाजू झाकता येत नाही. मुलींबद्दलच्या काही ओळींतही नकार न पचलेल्या मुलाची कडवट नजर आहे. विशीच्या आसपासच्या मुलांचा प्रामाणिकपणा ही या अल्बमची ताकद आहे, पण त्या वयाची क्रूरताही त्याच प्रामाणिकपणातून आत आली आहे. नव्या श्रोत्याने, विशेषतः ज्याला ते शब्द लागतात त्याने, ते गाणे गाळले तर त्याचे काही चुकत नाही.

भारतात पॉप-पंक पोचले ते नव्वदच्या दशकात, टीव्हीवरील संगीत वाहिन्या आणि परदेशी बँडांच्या कॅसेटा यांतून. इथेही प्रवास उलटा झाला : आधी ग्रीन डे, मग ब्लिंक, आणि इंटरनेट आल्यावर केव्हातरी डिसेंडंट्स. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलुझा महोत्सवात ग्रीन डे वाजले, तेव्हा तिशी-चाळिशीतले अनेक जण आपल्या शाळकरी वयाची गाणी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकत होते.

इंदूरला ऐकण्याची स्वतःची परंपरा आहे आणि ती या अल्बमच्या विरुद्ध टोकाची आहे. उस्ताद अमीर खाँ या शहरात वाढले. वडील शाहमीर खाँ इथेच वादक होते. अमीर खाँ यांच्या गाजलेल्या लाँगप्लेवर एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. अतिविलंबित झूमरा तालात एकेक स्वर उलगडत जातो आणि एक बाजू संपते. तेवढ्या वेळात डिसेंडंट्सची जवळजवळ पंधराही गाणी होऊन जातात. ज्या घरात ती लाँगप्ले आदराने जपलेली असते, तिथे हा अल्बम लावला तर वडीलधाऱ्यांना तो आरडाओरडा वाटणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण बडा ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला एक गोष्ट इथे चटकन सापडते : मुखडा कुठे पकडायचा ते. 'बाइकेज' किंवा 'होप' यांचे ध्रुवपद वेगाच्या आत कुठे येऊन टेकते, हे एकदा कळले की गोंगाट मागे सरतो. हा अल्बम ऐकायचा तर दोनदा लागोपाठ ऐकावा. पहिल्यांदा सगळी गाणी एकसारखी वाटतात. दुसऱ्यांदा प्रत्येकाची चाल वेगळी काढता येते.

नावेटाने पुढे संगीत सोडले, ओरेगॉनमध्ये जाऊन मासेमारी केली आणि २००८ मध्ये त्याचे निधन झाले. त्यापूर्वी २००२ मध्ये मूळ संचातील तिघांनी आपली अगदी सुरुवातीची गाणी, म्हणजे या अल्बमच्याही आधीची, एकत्र वाजवून रेकॉर्ड करून ठेवली होती. मायलोने २०२० मध्ये त्यांवर आवाज दिला आणि २०२१ मध्ये ती 'नाइन्थ अँड वॉलनट' या नावाने प्रसिद्ध झाली. लाँग बीचमधल्या ज्या चौकापाशी बँडची सरावाची जागा होती, त्याचेच ते नाव आहे.