घरी घेऊन जा

"आता घरी घेऊन जा," असं डॉक्टर म्हणाले की काय समजायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. 1980च्या दशकात युगांडा आणि झांबियातल्या इस्पितळांत हे रोजचंच झालं होतं. युगांडात लोक एड्सला 'स्लिम' म्हणत. माणूस वाळत वाळत जायचा. त्यावर औषध नव्हतं, खाटा रिकाम्या नव्हत्या.

दक्षिण झांबियातल्या चिकानकाटा इथल्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या इस्पितळाने 1987मध्ये रोग्याच्या मागोमाग आपली माणसंच गावात धाडायला सुरुवात केली. त्याच वर्षी युगांडात, नवरा एड्सने गेल्यावर, नोरीन कलीबा यांनी काही जणांना जमवून 'टासो' ही संस्था काढली. 'गृहाधारित सेवा' हे भारदस्त नाव आता आहे. तेव्हा तो निव्वळ नाइलाज होता. अंग पुसायचं, जखमा धुवायच्या, जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, शेजारपाजारची भीती घालवायची.

राहिलं दुखणं. ॲन मेरिमन या ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी 1993मध्ये युगांडाच्या राजधानीत, कंपालात, हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्यांचं दुखणं हलकं करणारी सेवा, सुरू केलं. मॉर्फिन या कडक वेदनाशामकाची पूड पाण्यात कालवून केलेलं त्यांचं औषध स्वस्त, आणि तोंडानेच घ्यायचं, म्हणजे सुई टोचायला कुणी नको. सौम्य औषध हिरवं, कडक औषधाचा रंग वेगळा. लेबल वाचता येत नसलं तरी बाटली ओळखता येते. पण खेड्यात ते लिहून द्यायला डॉक्टर कुठून आणायचा? 2004मध्ये नियम बदलून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना तो अधिकार दिला गेला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वात धाडसी पाऊल हेच.

खुद्द एड्सवरच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी 2001मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. दोनेक वर्षांत पूर्व युगांडातल्या तोरोरो भागात मोटरसायकलवरून दर आठवड्याला गोळ्या घरपोच जाऊ लागल्या. आणणारा डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेला साधा कार्यकर्ता.

गावातली शुश्रूषा मात्र बहुतेक ठिकाणी बायकांच्याच गळ्यात पडली, तीही फुकट. इथिओपियाने 2003 नंतर वेगळं केलं: दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून, सुमारे पाच हजार वस्तीमागे दोघी आरोग्यसेविका नेमल्या. सरकारी पगारावर.